अस्संच होतं कशावरून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे विचारणारे तुम्ही एकटे नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत पंप जळतात, माणसं मोटार घेऊन येतात आणि काम होईस्तोवर बाकावर बसून राहतात. समोर काचेच्या पेटीत मी केलेलं जुन्या जहाजाचं लाकडी मॉडेल ठेवलेलं. कुणी किंमत विचारतो (विकायचं नाही). कुणी समुद्र पाहिला का म्हणून विचारतो (पाहिलाय, सेवाग्राम एक्सप्रेस मुंबईलाच जाते). आणि मग बराच वेळ पेटीत डोकावून झालं की एखादा शेतकरी नेमकं बोट ठेवतो, "पण भाऊ, हे अस्संच होतं, हे तुमाले कोणं सांगतलं?"

शाळेत प्रदर्शनाला जहाज नेलं तर सगळे 'किती चिकाटी!' म्हणतात, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. तो विचारतात बाकावरचीच माणसं. एकदा नकली कपॅसिटर गळ्यात पडला की माणूस पुढे पुरावा मागायला शिकतो, आणि तो शिकलेलाच बरा.

तर उत्तर असं की, सगळं अस्संच होतं असं मी म्हणतच नाही. कुठला भाग पुराव्याचा आणि कुठला मी धरून चाललो, एवढं मात्र मी बोट ठेवून दाखवू शकतो. त्यासाठी जहाजागणिक एक वही आहे.

पहिल्यांदा ठरवावं लागतं ते साल. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला 'व्हिक्टरी' हे 104 तोफांचं लाकडी युद्धजहाज आजही उभं आहे. ते 1765 साली पाण्यात उतरलं, आणि इंग्रज नौसेनापती नेल्सन त्याच्यावर लढताना मारला गेला तो ट्रफाल्गरच्या लढाईत, 21 ऑक्टोबर 1805 रोजी. मधल्या चाळीस वर्षांत मोठी दुरुस्ती झाली, पाठीमागचे उघडे सज्जे बंद झाले, नाळेवरची (म्हणजे पुढच्या टोकावरची) कोरीव मूर्ती बदलली. मूळचे सज्जे आणि ट्रफाल्गरचे रंगाचे पट्टे एकाच मॉडेलवर लावले तर ते जहाज कुठल्याच समुद्रावर कधी तरंगलेलं नाही. दिवाणखान्यात ठेवायला मिळणारी बरीच जहाजं याच जातीची असतात. रंगाचंही तेच. व्हिक्टरीचे पट्टे म्हणजे हळदीसारखे पिवळे, असं मॉडेलवाल्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग जुन्या रंगाचे थर तपासले गेले आणि 2015 मध्ये जहाज ट्रफाल्गरच्या वेळच्या रंगात रंगवलं, तेव्हा तो रंग निघाला फिकट, गुलाबीकडे झुकणारा. जगभरच्या पेट्यांमधली व्हिक्टरी त्या दिवसापासून चुकीची ठरली.

माझ्या पेटीतलं जहाज आहे 'त्रिंकोमाली'. ते आपल्या मुंबईचं. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागातून बांधलेलं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरवलेलं. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. त्याचा आराखडा 'लीडा' जातीच्या फ्रिगेटचा (म्हणजे मध्यम आकाराच्या चपळ युद्धजहाजाचा), आणि लीडाचा आराखडा काढला होता 1782 मध्ये पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच जहाजावरून. म्हणजे इंग्रजांनी फ्रेंचांचं गिरवलं, पारशी मिस्त्रींनी ते सागात उतरवलं, आणि मी त्याचं पुन्हा गिरवतोय. मुंबईला निघालेले पहिले नकाशे तर पोचलेच नाहीत. ते ज्या 'जावा' जहाजावर होते, ते डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जिंकलं आणि जाळून टाकलं. गोदीत काम सुरू व्हायला 1816 उजाडलं.

इंग्रजी आरमाराच्या नकाशांचा मोठा साठा ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे आणि त्यांच्या प्रती मिळतात. एकाच कागदावर जहाज बाजूने, वरून अर्धं आणि समोरून कापे घेतल्यासारखं काढलेलं असतं. नवखा माणूस इथे हमखास फसतो, कारण या रेषा बहुतेक वेळा फासळ्यांच्या बाहेरच्या कडेपर्यंतच्या असतात, वरची फळी त्यांत धरलेली नसते. नकाशा जसाच्या तसा लाकडावर उतरवून वर फळ्या ठोकल्या की जहाज फळीच्या जाडीइतकं फुगतं. पाहणाऱ्याला ते कळत नाही, पण पुढे तोफांची दारं, शिड्या, डोलकाठ्या सगळं थोडं थोडं सरकत जातं.

मी काम करतो ते 1:96 ला, म्हणजे खऱ्या एका फुटाला इंचाचा आठवा भाग. सुमारे दीडशे फुटांची तोफांची मजली पावणेएकोणीस इंचांत बसते. आठ फुटी तोफ एक इंचाची होते, ती पितळेची, लेथवर होते, त्यात विशेष काही नाही.

लाकडाचं मात्र सांगण्यासारखं आहे. सागाचं जहाज, आणि आम्ही राहतो सागाच्या मुलखात. आलापल्ली-बल्लारपूरचा साग देशभर जातो. त्यामुळे लोक धरूनच चालतात की मॉडेलही सागाचंच. ते तसं नाही. सागाच्या कापलेल्या तोंडावर भिंग धरून पाहा, पाव मिलिमीटरची छिद्रं दिसतील. ती शहाण्णवने गुणा. खऱ्या जहाजाच्या फळीवर इंचभर रुंदीचे खड्डे पडल्यासारखं झालं ते. साग तेलकट, फेव्हिकॉल नीट धरत नाही, तो त्रास वेगळा. म्हणून मी हळदू वापरतो. पिवळसर, घट्ट, रेषा जवळपास दिसतच नाहीत. पूर्वी त्याच्या फण्या आणि मोजपट्ट्या होत. सुतारांकडे जुन्या कामाचे तुकडे मिळतात. तेव्हा कुणी "साग का नाही?" विचारलं की मी सांगतो, सागासारखं दिसायला हवं म्हणून. मॉडेलमध्ये साहित्य खरं ठेवायचं की माप खरं ठेवायचं, असा प्रसंग आला तर मी मापाच्या बाजूचा. यावर माझं कुणाशीही भांडण होऊ शकतं, आणि झालेलंही आहे.

धंदा कामाला येतो तो असा. पंख्याच्या वाइंडिंगची 36 नंबरची तार सुमारे 0.19 मिलिमीटर जाडीची. शहाण्णवने गुणलं की पाऊण इंच. तोफा दोराने बांधून ठेवायच्या कड्यांना याहून चांगलं काय मिळणार? तारेवरचं इनॅमल खरवडायचं, सुईभोवती एक वेढा द्यायचा, कापायचं. जहाजाच्या पोटाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत, साधारण चार फूट लांब नि चौदा इंच रुंद; माझ्या मापात अर्धा इंच बाय पावणेचार मिलिमीटर. तयार किटमध्ये या पत्र्यांवर खिळ्यांचे टपोरे उठाव येतात. खऱ्या खिळ्याचं डोकं या मापाला केसाएवढं झालं असतं. मी पत्रे कोरे ठेवतो. "खिळे राहिले वाटते," असं पाहुणे म्हणतात. म्हणू द्यावं.

आता दोर. यात आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही, उलट तेच मला विचारतात. एका म्हाताऱ्या बाबांनी जन्मभर अंबाडीचे कासरे नि दावी वळलेली. त्यांनी पेटीत पाहून पहिलाच प्रश्न केला, "पीळ कोणत्या हाताचा हाय जी?" एवढा नेमका प्रश्न मला शहरातल्या कुणी विचारलेला नाही. तीन पदरी साधा दोर उजव्या पिळाचा. असे तीन दोर पुन्हा एकत्र वळले की नांगराचा जाड दोर होतो, तो डाव्या पिळाचा. पदर एकीकडे पिळायचे आणि एकत्र वळताना दुसरीकडे, म्हणजे पीळ पिळाला धरून राहतो. कासऱ्याचं तंत्र तेच. मी ते वाइंडिंगच्या मशीनवर करतो. त्याला वेढे मोजायचं काउंटर असतं, त्यामुळे प्रत्येक दोराला पीळ सारखाच पडतो. सूत आमच्याकडे रग्गड, पण सुताला तूस असतं, आणि या मापाला एक तूस म्हणजे दोराला दाढी. मेणातून ओढलं तरी पावसाळ्यात ते आखडतं, मे महिन्यात ढिलं पडतं. कापसाच्या जिल्ह्यात बसून मी पॉलिस्टर वापरतो, हे जरा नाइलाजाने सांगतो.

दोराच्या आकड्यांतही एक खोच आहे. जुन्या कोष्टकांत दोराचं माप असतं ते घेराचं, जाडीचं नव्हे. व्हिक्टरीच्या नांगराचा दोर 24 इंची म्हटला की त्याची जाडी साडेसात इंचांच्या आसपास, 1:96 ला दोन मिलिमीटर. घेर हीच जाडी समजणारे सहा मिलिमीटरचा दोर लावतात आणि जहाज नाड्याने बांधलेल्या रेड्यासारखं दिसतं.

एवढी काटेकोर मोजमापं करून खरं जहाज तरी काटेकोर होतं का? स्वीडनचं 'वासा' 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि 1961 मध्ये जवळजवळ अख्खं वर काढलं. त्याच्यावर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. दोन ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. एकाच जहाजावर दोन फूट चाललेले! जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हेही मोजून सिद्ध झालंय. वासाचं मॉडेल दोन्ही बाजूंनी सारखं केलं तर ते खऱ्यापेक्षा सरळ होईल, म्हणजे चुकीचं होईल. त्यावरच्या मूर्तींमागची पार्श्वभूमी तर आधी निळी समजत, पुढे रंगकणांच्या तपासणीत लाल निघाली. हे ऐकवलं की बाकावरची मंडळी खूश होतात. ठेकेदार सगळीकडे सारखेच, असा निष्कर्ष काढतात.

खरी अडचण आपल्या आंग्र्यांच्या जहाजांची. त्यांची गुराब, म्हणजे तोफांचं लढाऊ जहाज, मी केली, ती आतल्या खोलीत आहे. तिला नकाशा नाही. आपले मिस्त्री कागदावर जहाज काढत नसत, नजरेने आणि हाताच्या मापाने बांधत. जहाजंही उरली नाहीत. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे इथे कुणाला ऐकायला आवडत नाही. हाताशी उरतं ते शत्रूने लिहिलेलं. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्याच शतकात वर्णन करून ठेवलंय. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिनाची असली तर सुमारे 300 टनांची. लांबीच्या मानाने रुंद. पाणी कमी लागणारी. पुढे नेहमीची नाळ न ठेवता लांब चोच काढलेली. आणि त्या चोचीवरून समोर मारा करणाऱ्या 9 किंवा 12 पौंडी दोन तोफा. बाजूंना त्याहून हलक्या.

एवढ्यावरून अख्खं जहाज होत नाही. म्हणून गुराबीत मी लाकूड वेगवेगळं लावलंय. ज्याला लेखी आधार आहे ते हळदूत, रंगवलेलं. जे मी कोकणातल्या होड्यांवरून आणि अक्कलहुशारीने भरलं, ते शिवणीच्या पांढुरक्या लाकडात, कोरं. पाहताक्षणी कळतं. दिसायला ती कोड फुटल्यासारखी दिसते, हे बायकोचं मत, आणि ते खरं आहे.

जवळच्या गावातली मंडळाची पोरं शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी ती मागायला आली होती. "काका, दोन्ही बाजूंनी वीस-वीस तोफा लावून द्या, समोर सिंहाचं तोंड, आणि पूर्ण रंगवा ना." मी ऑर्मचं वर्णन वाचून दाखवलं. "इंग्रजाचं काय ऐकता?" म्हणाले. मी म्हटलं, ज्याला या जहाजांनी मुंबईपर्यंत पळवलं, तो त्यांच्या तोफा कमी का सांगेल? त्याला तर जास्त सांगण्यातच सोय होती. आणि समोरच्या दोन तोफांतच तर खरी गंमत आहे. उथळ पाण्यातून मागे लागायचं, शत्रूच्या शेपटीला राहायचं, त्याच्या बाजूच्या तोफांपुढे जायचंच नाही. चाळीस तोफा लावल्या की ही अक्कलच झाकली जाते, आपली गुराब इंग्रजी फ्रिगेटची गरीब बहीण होऊन बसते. पोरांना मुद्दा पटला, जहाज नाही. त्यांनी नागपूरहून थर्माकोलचं करून आणलं. चांगलं झालं होतं, उजेडही सोडला होता.

सध्या गलबत हातात आहे. ऑर्म लिहितो, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, मोठ्यातलं मोठंही क्वचितच 70 टनांच्या वर, आणि काहींत वजन कमी राहावं म्हणून वरची मजली चिरलेल्या बांबूची. चिरलेल्या, एवढंच. कामट्या किती रुंद, विणलेल्या की बांधलेल्या, पाठ (बांबूची बाहेरची बाजू) वर की पोट (आतली बाजू) वर, काही नाही. मी सरळ गावातल्या बुरूडकाकांकडे गेलो. अनवाणी माणसं वर पळणार, पावसात भिजणार, म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "पाठ वर ठेवा. पोट वर आलं तर पाणी धरते, सडते, अन् पायात कुसळ जाते. अन् विणू नका, बांधा. एक कामटी मोडली तं तेवढीच काढता येते." हे पटण्यासारखं आहे, पण पुरावा नाही. वहीत 'बुरूडकाकांचं मत' अशी नोंद केली आहे, आणि मजली शिवणीच्या कोऱ्या कामट्यांची होणार आहे. काकांना ते पसंत नाही. बांबूची गोष्ट बांबूतच करा म्हणतात, आणि या मापाच्या कामट्या काढून देतो म्हणालेत. अर्ध्या मिलिमीटरची कामटी त्यांना जमली, तर माझा शिवणीचा नियम या एका जागी मोडायची माझी तयारी आहे.