वॉर्सातलं रंगीत छत (आणि माझा वाया गेलेला मंगळवार)

वॉर्सात दोनच दिवस होते, त्यातला मंगळवार मी पोलिन म्युझियमच्या (पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचं म्युझियम) बंद दारासमोर घालवला. मंगळवारी बंद असतं ते. चूक माझीच, तुम्ही आधी बघून जा. गुरुवारी मेन एक्झिबिशन फुकट असतं असं कळलं, पण मी बुधवारी तिकीट काढून गेलो कारण गुरुवारी फ्लाईट. राटुश आर्सेनाव मेट्रोला उतरलं की चालत दहा-पंधरा मिनिटं.

मला बघायचं होतं ते ग्वोझ्द्येत्सचं छत. हे गाव आता युक्रेनमध्ये येतं, तिथलं सतराव्या शतकातलं लाकडी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, युद्धात गेलं, पण त्याआधी कुणीतरी मापं, फोटो, रंगीत चित्रं करून ठेवली होती, त्यावरून 2011-12 मध्ये लोकांनी जुन्या पद्धतीची हत्यारं वापरून, सशाच्या कातडीच्या सरसात रंग कालवून हे छत परत उभं केलं, मूळच्या साधारण 85 टक्के साईजचं.

खाली उभं राहून वर बघितलं आणि दोन मिनिटं काही बोलताच येईना. लाल, निळा, हिरवा, इंचभर जागा मोकळी नाही! सगळीकडे वेली, प्राणी आणि हिब्रू अक्षरं, कडेने प्रार्थना लिहिलेल्या. बाराच्या बारा राशी आहेत, मेष, वृषभ, सगळ्या, आणि आपल्या पंचांगासारखाच ज्यूंच्याही कॅलेंडरमध्ये अधिक महिना येतो म्हणून मला तर घरच्यासारखं वाटलं. माणसाचा चेहरा मात्र शोधशोधूनही सापडला नाही. बिबट्या, गरुड, हरीण, सिंह ही चौकडी शोधा: बिबट्यासारखं धीट, गरुडासारखं हलकं, हरणासारखं चपळ, सिंहासारखं बलवान होऊन देवाची इच्छा पाळावी असं मिश्ना या त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात आहे. छताचा आकार तंबूसारखा आहे, ज्यूंचे पूर्वज वाळवंटात ज्या पवित्र तंबूत उपासना करायचे त्याची आठवण म्हणून, आणि त्यामागे जोहर या गूढ ग्रंथाचा प्रभाव असावा असं काही अभ्यासक मानतात. मला तेवढं कळत नाही, पण त्या काळचे रंगारी एवढं डोक्यात घेऊन काम करत होते हे भारीच.

एक सांगतो, एक्झिबिशन जुन्या काळापासून क्रमाने आहे आणि छत बरंच आत येतं. मी मध्ययुगातच ऑडिओ गाईड ऐकत बसलो, पाय गेले. तुम्ही सुरुवातीचं भराभर उरका, तीन तास तरी हाताशी ठेवा. मान दुखते, फोनचा झूम वापरा. आणि निघताना वरच्या मजल्यावरून त्याच छपराची लाकडी पाठ दिसते, ती बघायला विसरू नका.