सिंहगड, सायकल आणि पहाटेचं पोट

रविवारी पाचला घर सोडायचं म्हणजे साडेचारला काहीतरी पोटात ढकलावं लागतं, आणि त्या वेळी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. सायकलवर सिंहगड करायला लागल्यापासून चढापेक्षा मला हीच धास्ती जास्त.

उत्तर आदल्या रात्रीच्या जेवणात सापडलं. झोपेत यकृतातला साखरेचा साठा बराच खर्च होतो, स्नायूंमधला मात्र जवळपास तसाच राहतो. तो भरलेला असला की पहाटे थोडक्यात भागतं. म्हणून शनिवारी रात्री पोटभर वरण-भात, वर चमचाभर तूप. मटकीची उसळ, कोबी आणि तिखट रस्सा त्या रात्री बंद. सकाळी हँडलवर वाकलं की ते सगळे आपापली हजेरी लावतात. पहाटे मग एक केळं आणि अर्धा कप चहा, फार तर जॅम लावलेला ब्रेड. पोहे मला प्रिय, पण ते जिरायला दीडेक तास हवा आणि त्यासाठी साडेतीनला उठणार कोण?

नुसतं खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं असेल तर एवढंही लागत नाही, पाणी पुरतं. तासाभराच्या फेरीत एनर्जी जेल चोखणारे पाहिले की मला हसू येतं. सिंहगडाचं गणित वेगळं. जाऊन-येऊन माझे चार तास मोडतात, आणि इतक्या वेळासाठी तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पाऊण लिटरच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि एक लिंबू पिळलं की तीसेक ग्रॅम तिथेच होतात. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी.

बाकी भिस्त खजुरावर. बिया रात्रीच काढून ठेवायच्या, दोन-दोन खजूर बटर पेपरात गुंडाळायचे आणि जर्सीच्या मागच्या खिशात टाकायचे. चिक्की मी बाद केली, कारण घाटात तोंड श्वास घ्यायलाच अपुरं पडतं, चावणार कधी? त्यामुळे खायचं ते डोणज्यात, चढ लागायच्या आधी, भूक नसली तरी. वरच्या वळणांवर पोटात खड्डा पडल्यावर खाल्लेलं वेळेवर कामी येत नाही. तोवर पायांतलं त्राण गेलेलं असतं.

गडावर कांदाभजीचा वास छळतो. तळलेलं पोटात रेंगाळतं आणि घर अजून लांब असतं, म्हणून भजी मित्रांना. मडक्यातलं दही मात्र मी सोडत नाही.

घरी आल्यावर घामेजलेले कपडे उतरवून वजनकाट्यावर उभा राहतो. किलोभर घट दिसली तर ती चरबी नव्हे, साधारण लिटरभर पाणी. ते मीठ घातलेल्या ताकाने आणि पाण्याने दुपारपर्यंत हळूहळू भरून काढतो. जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी आणि मोठा पेलाभर दूध घेतलं की वीसच्या आसपास जातात, उरलेली कसर पोळी-उसळ भरून काढते. मनगटावरचं घड्याळ किती कॅलरी जाळल्या ते मोठ्या कौतुकाने सांगतं, पण त्या भरवशावर दुसऱ्यांदा नाश्ता करू नये.

रविवारी एकादशी आली तर शनिवारी रात्रीचा भात चालतोच, पहाटे उकडलेलं रताळं, खिशात खजूर आणि राजगिऱ्याचा लाडू. साबुदाण्याची खिचडी परत आल्यावर, दह्याबरोबर. एवढं सगळं खाऊन त्याला उपास म्हणायचं का, असं आई विचारते.