एक अंपायर, चार बेस

शनिवार, रात्र

आज निपाणीला १४ वर्षांखालच्या मुलांच्या बेसबॉलच्या मॅचेस होत्या आणि अंपायर मी एकटाच. दुसरे सर चिकोडीत अडकल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या स्टँडवर बसमध्ये बसलेलो होतो. आता उतरून काय करणार? तसंही दुसरा अंपायर ऐनवेळी न येणं ही आमच्याकडची रीतच झालीय. क्रिकेटला अंपायर पैशाला पासरी मिळतात. बेसबॉलचे नियम ज्यांना येतात ते एकतर कोच असतात, नाहीतर खेळणाऱ्या पोराचे काका.

मैदान बरं होतं. काळी माती, वर धुरळा. फक्की मारून ठेवलेली, पण फर्स्ट बेसकडची रेघ मध्येच उजवीकडे कलली होती. ती पुसून नव्यानं मारायला लावली, कारण मारलेला बॉल फेअर (रेघेच्या आत) की फाऊल (रेघेबाहेर) हे सगळं त्या रेघेवर. बेस म्हणजे वाळू भरलेली पोती. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमध्ये ९० फूट असतात, लहान मुलांना ६०. टेप कुणाकडेच नव्हता, मग पावलांनी मोजलं. होम प्लेट मात्र खरी रबरी निघाली, १७ इंची. मला मास्क मिळाला, छातीला काही नाही. पायाला विकेटकीपरचे पॅड बांधले. पोरं हसली. हसू देत, फाऊल गेलेला बॉल नडगीवर बसला की कळतं.

एकट्यानं उभं राहायचं कुठे, हा पहिला प्रश्न. कॅचरच्या (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणाऱ्याच्या) मागे थांबलं तर स्ट्राइक-बॉल, म्हणजे टाकलेला बॉल नीट पडला की बाहेर, हे नीट दिसतं, पण सेकंड बेसवरचा टॅग (रनरला बॉल लावणं) लांबून बघावा लागतो. पिचरच्या मागे गेलं तर बेस जवळ येतात, स्टील करणारा, म्हणजे बॉल मारला नसतानाच पुढच्या बेसला पळणारा पोरगा डोळ्यांसमोर असतो, पण गुडघ्याजवळचा बॉल स्ट्राइक की नाही हे निम्मं अंदाजानं. बेसवर रनर आला की पुष्कळ जण पिचरमागे जातात. मी जात नाही. या वयात पिचरचा हात बसलेला नसतो, चार बॉल आणि वॉक (बॅटर फुकटात फर्स्ट बेसवर), पुन्हा चार बॉल आणि वॉक, असाच निम्मा खेळ चालतो. तिथे झोन, म्हणजे स्ट्राइक धरायची चौकट, हलला की दोन्ही टीमचा विश्वास उडतो, मग बेसवर कितीही बरोबर निर्णय द्या.

शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्डमधल्या फिल्डरकडे, ग्राऊंडर (जमिनीलगतचा बॉल) गेला की मास्क डाव्या हातानं ओढून काढायचा, कॅचरच्या डाव्या अंगानं बाहेर पडायचं आणि फर्स्ट बेसचा कोन मिळेल तिथे थांबायचं. पळत पळत निर्णय द्यायचा नाही, पाय थांबले तरच डोळा थांबतो. डोळे बेसवर, कान ग्लोव्हकडे. पायाचा स्पर्श आधी की ग्लोव्हमधला फट् आवाज आधी, एवढंच बघायचं. पुस्तकात हे फार सोपं आहे. आज शेजारच्या मंगल कार्यालयात हलगी वाजत होती. आवाज कसला ऐकू येतोय! शेवटी नजरच बेस आणि ग्लोव्हमध्ये ये-जा करत राहिली.

दुसऱ्या मॅचमध्ये इनफिल्ड फ्लायवरून गोंधळ झाला. फर्स्ट आणि सेकंडवर रनर, एक आऊट, बॅटरनं उंच बॉल सेकंड बेसच्या आसपास उडवला. मी हात वर करून ओरडलो, ‘‘इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट!’’ त्या पोरानं कॅच सोडला. मी तरीही आऊटच. झालं, कुंपणाजवळचे सगळे उठले. कॅच सुटला तर आऊट कसा हो सर? क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे पचणारच नाही. खेळ थांबवून दोन्ही कोचना सांगितलं : अशा वेळी बेसजवळ उडालेल्या सोप्या उंच बॉलवर कॅच सुटला तरी बॅटर आऊट. हा नियम नसता तर फिल्डरनं मुद्दाम कॅच टाकला असता, रनर बेसवर अडकलेले, आणि एका बॉलवर दोन आऊट काढले असते. लबाडीला पैसे मिळू नयेत म्हणून हा नियम. एका आजोबांना मात्र तो लगेच पटला. म्हणाले, ‘‘व्हय, बरोबर हाय की!’’

खरी वेळ शेवटच्या इनिंगमध्ये आली. सेकंडवर रनर. बॅटरनं राइट फील्डला बॉल मारला, फिल्डर पुढे झेपावला. बॉल हातात आला की टप्पा पडून आला, हे बघायला मी तिकडे धावलो, कारण तो कॅच असता तर बॅटर आऊट आणि रनरला परत फिरावं लागलं असतं. टप्पा पडला होता, तो मी बघितला आणि ‘सेफ’ दाखवलं. वळलो तेव्हा रनर होम प्लेट ओलांडून हात झटकत होता. फिल्डिंग करणाऱ्या टीमच्या कोचनी पिचरकडून थर्ड बेसवर अपील करायला लावलं. पोरानं थर्डला पाय लावलाच नाही, आतून वळला, असं त्यांचं म्हणणं. असेलही. त्या पोराच्या तोंडावरचं हसू मला आवडलं नाही. पण मी बघितलं नाही, आणि न बघितलेला आऊट मी देत नाही. रन मोजला.

कोच मराठी शाळेचे. जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘‘सर, तुम्ही आपलेच ना?’’ मी म्हटलं, ‘‘सर, मी प्लेटमागचा.’’ त्याआधी तासभर, त्यांच्याच टीमचा एक रनर सेफ दिला तेव्हा पलीकडून आवाज आला होता, ‘‘मराठी अंपायर री, अदक्क!’’ (मराठी अंपायर आहे, म्हणूनच!) म्हणजे दोन्हीकडून ऐकून झालं. दोन अंपायर असले की संशय निम्मा वाटला जातो. एकटा असला की अख्खा त्याच्याच अंगावर. या भागात आडनाव ऐकूनच माणसं झोन ठरवतात. म्हणून काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक) मी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत मोठ्यानं सांगतो. वेळ जातो, चालतं.

बसमध्ये आठवलं, हा आतून वळण्याचा प्रकार जुनाच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मोठ्या लीगचे सामनेसुद्धा बहुधा एकच अंपायर चालवायचा. तेव्हा माइक ‘किंग’ केलीसारखे खेळाडू अंपायरची पाठ फिरली की थर्ड बेस गाळून सरळ होमकडे सुटायचे, असं सांगतात. फिल्डिंग करणारा जॉन मॅग्रॉ थर्ड बेसवर रनरचा कमरपट्टा धरून ठेवायचा, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजला (तिकडच्या अंतिम लढतीला) दोन अंपायर होते, १९५२ पासून तिथे नेहमीच्या मॅचलाही चार असतात. आणि चार असूनही २०१० मध्ये डेट्रॉइटचा पिचर अर्मांडो गॅलारागाची परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोचू देण्याची) शेवटच्या बॅटरवर, फर्स्ट बेसच्या एका चुकीच्या ‘सेफ’मुळे गेली. तो देणाऱ्या अंपायर जिम जॉइसनी नंतर टीव्ही बघून चूक कबूल केली. मला दाखवायला टीव्हीसुद्धा नाही. एका पालकाच्या मोबाइलवर व्हिडिओ होता म्हणे. मी बघितला नाही. एकदा मोबाइल बघायला लागलं की पुढच्या प्रत्येक पिचला दहा मोबाइल पुढे येतील.

मानधनाचं पाकीट मिळालं, एका अंपायरचंच. दुसऱ्याचं काय झालं ते विचारलं नाही.

उद्या सकाळी फायनल. पी.टी. सरांना फोन करून सांगितलंय, दहावीतली दोन पोरं द्या, खेळून झालेली, एक फर्स्टला आणि एक थर्डला उभा करतो. आऊट-सेफ मीच देणार, त्यांनी फक्त पाय टेकला की नाही एवढं बघायचं. आणि दोन शाळांची दोन नकोत, तिसऱ्याच शाळेची हवीत. सर म्हणाले, ‘‘बघू की.’’ पॅड तेवढे मी पिशवीत भरून ठेवलेत.