साक्षीदार स्वतःहून सांगतो की…

दावा वाटपाचा. वादी बहीण, प्रतिवादी दोन भाऊ, आणि मी बहिणीचा वकील. आई आधीच गेलेली, वडील २०१६ साली वारले. मागे वडिलोपार्जित बागायत जमीन आणि वडिलांनी स्वकष्टाने बांधलेलं घर. बहिणीने वाटप मागितलं, तेव्हा थोरल्या भावाने मृत्युपत्र पुढे केलं. सगळं दोघा भावांना, आणि बहिणीविषयी एकच ओळ : 'तिचे लग्नात सर्व काही दिले आहे.'

ही ओळ वाचली की मला आजही चीड येते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद झाली, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हिस्सेदार. त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे जमिनीत वडिलांचा हिस्सा चौथा, मृत्युपत्र तेवढ्यापुरतंच. बहिणीचा चौथा हिस्सा वडिलांना कुणाला देताच येत नव्हता. खरा वाद उरला तो वडिलांच्या हिश्श्याचा आणि घराचा.

मृत्युपत्र साध्या कागदावर, नोंदणी नसलेलं. त्याने बिघडत नाही. स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. पण करणाऱ्याने दोन साक्षीदारांदेखत सही-अंगठा करायला हवा, नाहीतर तो आपलाच असल्याचं त्यांना स्वतः सांगायला हवं. साक्षीदारांनीही त्याच्यासमोरच सह्या करायच्या. शिवाय साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला तरी कोर्टात येऊन हे शपथेवर सांगावं लागतं. इथे एक साक्षीदार वारलेला. दुसरे वडिलांचे जिवलग मित्र, ऐंशीच्या घरातले, हातात काठी, कडक इस्त्रीचं धोतर.

वडील आयुष्यभर सही करायचे. सोसायटीच्या रजिस्टरात ती पानोपानी होती. मृत्युपत्रावर मात्र अंगठा. मी तिथूनच सुरुवात केली.

"अंगठा उठवला तेव्हा तुम्ही कुठं होता, बाबा?"

"माझ्या घरी."

"आणि ते?"

"दवाखान्यात. उजवी बाजू गेली होती त्यांची. थोरल्यानं कागद आणला, मी सही केली."

"त्या कागदाबद्दल नंतर त्यांच्याशी बोलणं झालं?"

"वाचाच गेली होती, साहेब. बोलणार कसं?"

मृत्युपत्राचा आधार तिथेच गेला. मी खाली बसणार, तेवढ्यात म्हातारबाबा न विचारता बोलले आणि न्यायाधीशांनी ते टिपून घेतलं : 'साक्षीदार स्वतःहून सांगतो की, घर थोरल्याला द्यावे असे मयत आजारापूर्वी मला अनेकदा म्हणाले होते, कारण त्याच्या पत्नीने त्यांची सेवा केली.'

माझी अशील मागच्या बाकावर बसलेली होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाली, "वकीलसाहेब, वहिनीनं केलं ते मी पाहिलंय की. दादानं घर मागितलं असतं तर मी नाही म्हणाले असते का? चोरून कागद कशाला?"

वडिलांची इच्छा खरी, कागद मात्र कायद्याने टिकणार नाही, असं प्रकरण इतक्या उघडपणे मी क्वचितच पाहिलं आहे. हातपाय धड असताना त्यांनी तिन्ही मुलांना समोर बसवून हे सांगितलं असतं आणि दुय्यम निबंधकांकडे जाऊन सही केली असती, तर भावाबहिणींची तोंडं इतकी वर्षं फिरली नसती. आता माझ्याकडे मृत्युपत्र करायला येणाऱ्यांना मी आधी विचारतो, मुलांना सांगितलंय का? साक्षीदार स्वतःपेक्षा वयाने लहान आणणं, आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला घेणं, कुणाला कमी दिलं तर कारण स्वतःच्या शब्दांत लिहिणं, हे सगळं त्यानंतर.

प्रकरण लोकअदालतीत मिटलं. घर थोरल्याला, जमिनीचे तीन सारखे वाटे. घरावर कुणी शब्द काढला नाही, खरी ओढाताण झाली ती विहिरीच्या पाण्याच्या पाळीवर. शेवटी आठवड्याचे दोन-दोन दिवस तिघांना आणि रविवारी मोटर बंद, असं तडजोडपत्रात लिहून घेतलं. फेरफार मंजूर झाल्यावर बहिणीने आपला वाटा धाकट्यालाच खंडाने कसायला दिला.