बाईंच्या चालीने मोजलेला रस्ता

रस्त्याचा आराखडा करायचा म्हटलं की पहिल्यांदा वाहनं मोजली जातात. चौकात मुलं उभी राहतात, दुचाकी, रिक्षा, बस यांच्या नोंदी घेतात आणि त्यावरून रुंदी, वळणं, सिग्नलच्या वेळा ठरतात. जो माणूस घराबाहेर पडायचाच थांबला, त्याची नोंद कोण घेणार? म्हणून या वेळी मी ज्येष्ठ नागरिक संघालाच बरोबर चला म्हटलं.

पश्चिम महाराष्ट्रातलं मध्यम आकाराचं शहर. जुन्या बंगल्यांची कॉलनी, त्यातल्या निम्म्या जागी आता पाच-सहा मजली इमारती. कॉलनीपासून मंडईपर्यंतचा रस्ता नव्याने करायचं काम आमच्याकडे होतं. अंतर जेमतेम सहाशे मीटर. सकाळी विरंगुळा केंद्रापाशी संघाची मंडळी जमली. मी एवढंच सांगितलं, "रोज जसे जाता तसे मंडईपर्यंत चला. आम्ही मागून येतो."

फाटकातून बाहेर पडल्याबरोबर सगळे डांबरी रस्त्यावर उतरले. डावीकडे उभ्या केलेल्या दुचाकी, उजवीकडून धावणारी रहदारी आणि मधल्या हातभर जागेतून ही रांग. फुटपाथ रिकामा.

संघात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाईच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, दर फाटकाशी उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मंडई येईपर्यंत माझे गुडघे टिकतील का?"

टेप लावली. काही ठिकाणी फुटपाथ रस्त्यापासून २८ सेंटिमीटर उंच होता. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत ही उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं स्वच्छ लिहिलेलं आहे. गाड्या चढू नयेत म्हणून फुटपाथ उंच करावा, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. दुचाकी फाटकाच्या उतारावरून चढतेच. अडतात ती माणसं. त्याच सकाळी आमच्या शेजारून एक तरुण आई बाबागाडी ढकलत रस्त्यातूनच चालली होती, आणि तिच्या मागे पाठीवर दप्तर घेतलेला पहिली-दुसरीतला मुलगा. ऐंशीची बाई, वर्षाचं बाळ आणि सहा वर्षांचा पोरगा, तिघांनाही फुटपाथच्या कडेच्या त्या एकाच उंच दगडाने रस्त्यात उतरवलं होतं.

मंडईच्या अलीकडे चौक लागतो. रस्ता १४ मीटर रुंद, मध्ये दुभाजक नाही. पायी ओलांडण्यासाठी सिग्नल बारा सेकंद हिरवा राहतो. हा आकडा येतो कुठून, तर माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं गृहीत धरण्याची पद्धत आहे, त्यावरून. मी बाईंबरोबर निघाले, सहकाऱ्याने घड्याळ लावलं. आम्ही अर्ध्याहून थोडं पुढे गेलो आणि दिवा लाल झाला. हॉर्न सुरू झाले. बाईंनी माझा दंड धरला, तो पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही. वीस सेकंद लागले. पलीकडे गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "एकटी असले की मी रिक्षा करते. चौक ओलांडायला." रिक्षावाला वळसा घालून त्यांना समोरच्या फुटपाथवर सोडतो आणि त्याचे पैसे घेतो. मला इतकं वाईट वाटलं की त्या क्षणी टिपण लिहायचंही सुचलं नाही.

मंडईत चहा मागवला, पण बायकांपैकी कुणी घेईना. त्याचं कारण पुरुषांसमोर सांगायला त्यांना संकोच वाटत होता; एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं: या सगळ्या वाटेवर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून बाहेर पडायच्या आधी तासभर त्या पाणीसुद्धा पीत नाहीत. ऐन मे महिन्यातही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, तेव्हा ३३ शहरांतल्या वयस्कर माणसांना बसवून विचारलं होतं. त्यात आपली दिल्ली आणि उदयपूरही होती. बसायला बाक आणि स्वच्छ शौचालय या गोष्टी तिथेही वर आल्या. इतक्या साध्या मागण्यांना अंदाजपत्रकात अजून हक्काची ओळ मिळत नाही, याचा मला राग येतो.

दुपारी सोसायट्यांच्या प्रतिनिधींबरोबर बैठक झाली. दर दीडशे मीटरवर बाक हवा, पाठ टेकायला आणि उठताना धरायला हात असलेला, हे मी मांडलं. लगेच एक अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, बाक नको. मागे होता, आम्हीच काढायला लावला. पोरं येऊन बसतात रात्रीपर्यंत."

बाई मागच्या खुर्चीत होत्या. उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "बसू देत की हो. मी पडले तर उचलायला तिथे कुणीतरी असेल."

कुणी काही बोललं नाही. अध्यक्षांनीच मग विचारलं, "कुठे ठेवायचा म्हणता?"

आराखडा बदलला. फाटकांपाशी फुटपाथ खाली उतरवायचा नाही, त्याची पातळी सरळ न्यायची. चढायचं तर मोटारीने चढावं. उंची १५ सेंटिमीटरच्या आत. चौकात मधोमध थांबता येईल असा उंचवटा, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत पार करता येतो. गुळगुळीत फरशी रद्द करून खरखरीत घेतली, कारण पावसाळ्यात घसरून खुब्याचं हाड मोडलं की घरातला वावरसुद्धा दुसऱ्याच्या हातात जातो. पहिल्या टप्प्याचं काम झालं आहे, बाकही बसले आहेत. संध्याकाळी त्यावर एका टोकाला आजोबा आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलमध्ये मान घातलेली कॉलेजची पोरं दिसतात.

सिग्नलची वेळ वाढवण्याचं पत्र वाहतूक शाखेकडे दिलं आहे, उत्तर यायचं आहे. स्वच्छतागृहाची जागा ठरत नाही. प्रत्येकाला ते हवं आहे, पण आपल्या भिंतीला लागून नको. पुढची पाहणी शाळा सुटायच्या वेळी ठेवली आहे. तेव्हा पुढे मुलं चालतील.