सहा दिवस म्हणजे नक्की किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. “देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं, हे तुम्ही खरंच मानता का?” बायबल वाचणारी म्हणून हा प्रश्न मला नेहमी येतो आणि विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं. देवाने जग निर्माण केलं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ‘दिवस’ या शब्दापाशी मात्र मी थांबते.

बायबलचं पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’, त्याचा पहिला अध्याय उघडा. पाचव्या वचनात देव प्रकाशाला ‘दिवस’ हे नाव देतो, म्हणजे रात्र वगळून उरलेला तो दिवस. त्याच वचनात पुढे संध्याकाळ होते, सकाळ होते आणि पहिला दिवस भरतो. आता रात्रही त्यात आली. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात तर आकाश आणि पृथ्वी देवाने केली ‘त्या दिवशी’ असं आहे, म्हणजे अख्खी निर्मिती एका दिवसात! मूळ हिब्रूत तिन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘योम’. पस्तीस वचनांत तीन अर्थ.

शिवाय सूर्य येतो चौथ्या दिवशी. मग आधीच्या तीन संध्याकाळी कशा झाल्या? ही शंका आजची नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने हेच विचारलं होतं. चौथ्या शतकात बासिल या बिशपने चोवीस तासांचाच दिवस धरला. नंतर ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने उत्पत्तीवरच्या एका ग्रंथासाठी सुमारे 401 ते 415 अशी वर्षं घातली आणि देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं, अशा निष्कर्षाला तो आला. तेव्हा भूगर्भशास्त्राचा जन्मही झालेला नव्हता. म्हणून ‘विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर तुम्ही अर्थ बदललात’ असं कोणी म्हणालं की मला ते लागतं. हा वाद आमच्या घरातलाच आहे आणि फार जुना आहे.

पुढे 1650 मध्ये आर्चबिशप अशरने बायबलमधल्या वंशावळ्यांवरून निर्मितीचं साल इ. स. पूर्व 4004 ठरवलं. 1814 मध्ये थॉमस चामर्स या स्कॉटिश धर्मोपदेशकाने पहिल्या दोन वचनांच्या मध्ये प्रचंड काळ मानला. काहींनी एकेक दिवस म्हणजे एकेक युग धरलं. त्यांचा आधार बायबलमधलं नव्वदावं स्तोत्र, जिथे देवाच्या दृष्टीने हजार वर्षं कालच्या दिवसासारखी आहेत. मला हे पटत नाही. झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या. मधे युग घातलं तर अडचण वाढतेच.

चोवीस तासांचा दिवस मानणाऱ्यांना मी भोळे म्हणणार नाही. बायबलच्या दुसऱ्या पुस्तकात, निर्गमाच्या विसाव्या अध्यायात, शब्बाथाची म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, कारण देवानेही तसंच केलं. आज्ञेतले दिवस खरे असतील तर कारणातले वेगळे कसे? या मुद्द्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही.

तरी उत्पत्तीच्या त्या पहिल्या अध्यायाची वीण माझ्याशी जास्त बोलते. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश आणि जलं, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, सहाव्या दिवशी पशू आणि माणूस. आधी जागा, मग तिथे राहणारे. आणि सूर्यचंद्रांची नावंच घेतलेली नाहीत! आहेत त्या फक्त मोठी ज्योती आणि लहान ज्योती. शेजारची राष्ट्रं ज्यांना देव म्हणून पुजत होती, ते इथे नुसते दिवे झाले. त्या काळच्या ऐकणाऱ्याला हे केवढं धाडसाचं वाटलं असेल! जगाचं वय सांगण्यापेक्षा जग कोणाचं आहे हे सांगायची घाई या मजकुराला आहे, असं मी मानते.

अभ्यासवर्गात हा अध्याय आम्ही मोठ्याने वाचतो. सहा वेळा तेच पालुपद येतं, संध्याकाळ झाली, सकाळ झाली. सातव्या दिवशी सगळे सवयीने त्या ओळीची वाट बघतात आणि ती येत नाही. त्या दिवसाला संध्याकाळ नाही, हे ऑगस्टीननेही टिपून ठेवलंय. वर्ग तिथे थोडा वेळ गप्प असतो. मीही लगेच पुढे वाचत नाही.