जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा : गोचिडींच्या दिवसांतली भटकंती

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचं रान फिरायला जानेवारी ते मार्च हे महिने सगळ्यात सोयीचे. वाटा सुकलेल्या, जळवा गायब, सकाळी गारवा. आणि नेमके हेच गोचिडींचे महिने. आमची ही फेरी फेब्रुवारीतली. बेळगावहून जांबोटी, वज्रपोहा धबधब्याची वाट, मुक्काम कणकुंबीत आणि नंतर खानापूरमार्गे हेम्मडगा. वृत्तांतात निसर्गवर्णन मुद्दाम कमी ठेवलंय. बघण्याच्या जागा कुणालाही विचारल्या तरी कळतात. कुठे टेकू नये, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

या पट्ट्यात गोचीड म्हणजे नुसती खाज नव्हे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला आणि त्यातून एक नवा विषाणू सापडला. तोच आपल्याकडचा माकडताप. कन्नड बोलणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला 'मंगन कायिले' म्हटलं की लगेच समजतं. पूर्वी तो शिमोग्याच्या आसपासच होता. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण निघाले. चोर्ल्याचा घाट उतरला की सत्तरी, तिलारीचा उतरला की दोडामार्ग. काजूच्या हंगामात आपल्या बाजूची माणसं या दोन्हीकडे कामाला जातात. तेव्हा 'हे काय आपल्याकडचं नाही' असं म्हणायची सोय उरलेली नाही. घाबरून घरी बसण्याचंही कारण नाही. बहुतेक गोचिडी काहीच घेऊन फिरत नाहीत आणि बहुतेक चावे चार दिवस खाजून बरे होतात.

बेळगाव सोडण्याआधीची खरेदी किरकोळ आहे, पण जांबोटीत शोधत बसू नका. खडेबाजार किंवा गणपत गल्लीतच उरका. टोकं बारीक आणि एकमेकांना नीट भिडणारा एक चिमटा लागेल. भुवयांचा रुंद तोंडाचा चिमटा नको, तो गोचिडीचं पोट दाबतो. रुंद चिकटपट्टीचा एक रोल, झाकण घट्ट बसणारी छोटी बाटली, सर्जिकल स्पिरिट, हातात मावेल एवढा आरसा, टॉर्च आणि दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या एवढं घेतलं की झालं.

कपडे फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे. पँट पायमोज्यात खोचलेली, शर्ट पँटीत. पायमोजा नडगीच्या निम्म्यापर्यंत येणारा, घट्ट विणीचा. क्रिकेटचे पांढरे मोजे उत्तम. हे ध्यान विनोदी दिसतं, गावातली पोरं हसतात, हसू द्यावं. गोचीड उडी मारत नाही, झाडावरून अंगावर टपकतही नाही. ती गवताच्या किंवा पानाच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते, आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब पुढच्या पायांवरच्या इंद्रियाने ओळखते आणि कपडा घासला की त्याला धरते. मग वर चढत जाते. पँट मोज्यात खोचलेली असली की हे चढणं कापडाच्या बाहेरून होतं आणि फिक्या कापडावर ती दिसते. मोकळ्या पँटीत ती थेट गुडघ्यामागे किंवा जांघेत पोचते.

अंगाला लावायला २० ते ३० टक्के डीईईटी (गोचिडी-डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं औषध घ्या. हात, मान, घोटे आणि मोज्याची वरची कड, एवढंच पुरे. कपड्याखाली फासू नका. चार-पाच तासांनी, घाम जास्त असेल तर त्याआधीच, पुन्हा लावा. ऊन लागू नये म्हणून क्रीम वापरत असाल तर आधी ते, त्यावर हे. कमी टक्केवारीची डासांची मलमं चालतात, पण लवकर उतरतात. कर्नाटकच्या आरोग्य खात्यातर्फे माकडतापाच्या गावांमध्ये गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल वाटलं जातं. तेही रानात जाण्यापूर्वी हातापायांना लावायचं आणि परत आल्यावर गरम पाणी-साबणाने धुवायचं. परमेथ्रिन या कीटकनाशकाचं ०.५ टक्क्याचं द्रावण फक्त कपडे आणि बुटांसाठी आहे, ते पूर्ण वाळल्यावरच घालायचं. ओलं असताना ते मांजरांना घातक असतं आणि ओढ्यात गेलं तर माशांना. खरजेवर मिळणारं परमेथ्रिनचं मलम हा त्याला पर्याय नाही. कापूर घातलेलं खोबरेल, कडुलिंबाचं तेल याने वास छान येतो, याहून जास्त आम्ही बोलणार नाही.

जांबोटी बेळगाव-चोर्ला रस्त्यावरच आहे. तिथून चापोलीच्या बाजूने वज्रपोह्याकडे. म्हादईचं पाणी फेब्रुवारीत रोडावलेलं असतं, धबधबा पाहायचाच असेल तर पावसाळा संपता संपता जावं. उन्हातला उघडा जांभा दगड आणि आखूड गवताचा माळ, इथे गोचिडी जवळजवळ नसतात, कारण कोरड्या उन्हात त्या सुकून मरतात. गडबड सुरू होते ती माळ संपून झाडी लागते त्या कडेला. करवंदीच्या जाळ्या, बांबूची बेटं, गुरांची वाट आणि तिच्यावर घोट्याएवढा पाचोळा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. मीटरभर लांब-रुंद पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा, एका कडेला काठी बांधलेली. तो वाटेच्या कडेच्या पाचोळ्यावरून आणि खालच्या झुडपांवरून सावकाश ओढायचा, दर दहा-पंधरा पावलांनी उलटा करून पाहायचा. गोचिडींचा अभ्यास करणारे अशाच कापडाने त्या गोळा करतात. माळावर कापड कोरं राहिलं. बांबूखालच्या गुरांच्या वाटेवर त्यावर तपकिरी ठिपके चढले आणि चालू लागले. आकार जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर, भिंगातून पाहिलं तर आठ पाय. या निम्फ, म्हणजे पूर्ण वाढ होण्याआधीची अवस्था. माकडताप माणसाला बहुतेक याच अवस्थेतली गोचीड देते आणि या भागात तिचा भर साधारण डिसेंबर ते मे असतो. म्हणूनच तापाचे रुग्णही याच महिन्यांत निघतात. गुरांच्या अंगावर दिसणारी टपोरी, राखाडी गोचीड सगळ्यांना ठाऊक असते. जिच्यापासून जपायचं ती मात्र तीळ समजून सोडून दिली जाते.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर याहून लहान, सहा पायांचे लार्वा भेटतील. ते घोळक्याने एकाच पानावर बसलेले असतात आणि पाय लागला की सगळा घोळका मिरपूड सांडल्यासारखा मोज्यावर उतरतो. चिमट्याचा इथे उपयोग नाही. हाताने झटकलं तर ते पसरतात. चिकटपट्टीचा वीतभर तुकडा फाडायचा, चिकट बाजू दाबायची, उचलायची, दुसरा तुकडा. पट्टी दुमडून पिशवीत टाकायची. हे पहिल्या मिनिटात केलं तर काम होतं, अर्ध्या तासाने ते सगळीकडे गेलेले असतात.

आमचं स्पष्ट मत आहे की चालताना गोचिडी लागतात त्याहून जास्त बसताना लागतात. चालणारा पाय एका पानाला क्षणभर घासतो. बांबूच्या सावलीत डबा उघडून अर्धा तास बसलेला माणूस श्वास सोडत, ऊब देत एका जागी असतो आणि त्या चारी बाजूंनी त्याच्याकडे चालत येतात. त्यामुळे विश्रांती उघड्या कातळावर, उन्हात. सॅक पाचोळ्यावर टाकायची नाही. तीच मग गाडीच्या सीटवर जाते. आडोशाला जायची जागासुद्धा बघून निवडावी. मोकळ्या वाटेच्या मधोमध चाला, दर तासाला थांबून एकमेकांच्या पँटीची मागची बाजू बघा.

मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीही नाही. जनावर थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. निदान ५० मीटर लांबून वळसा घाला आणि ठिकाण लक्षात ठेवून वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. वानर आणि लालतोंडी माकड, दोन्हींना हा ताप होतो.

कणकुंबीत माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम पाहायला वेळ आहेच, पण मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम अंघोळ. आधी कपडे काढून थेट प्लॅस्टिक पिशवीत, तोंड बांधून. खाटेवर किंवा खुंटीवर नाही. मग टॉर्च आणि आरसा. घोटे, गुडघ्यामागे, जांघ, कमरपट्ट्याची रेघ, बेंबी, काखा, ब्रेसियरच्या पट्टीखाली, घड्याळाखाली, कानामागे, केसांच्या कडेला. पाठ दुसऱ्याने बघावी. बोटांनी चाचपणं डोळ्यांइतकंच महत्त्वाचं, कारण निम्फ दिसण्याआधी खरखरीत लागते. न चिकटलेल्या गोचिडी गरम पाणी आणि साबणाने निघून जातात, चिकटलेल्या नाही. घरी आल्यावर कपडे खूप गरम पाण्यात भिजवायचे. गार पाण्यात धुतल्या तरी गोचिडी जगतात. मशीनमध्ये ड्रायर असेल तर धुण्याआधी कोरडे कपडे दहा मिनिटं जास्तीत जास्त उष्णतेवर फिरवले की काम होतं.

चिकटलेली गोचीड काढताना चिमट्याची टोकं कातडीला टेकवायची, पोटाला नाही. तिचं तोंड जिथे कातडीत शिरलंय तिथेच पकडायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. झटका नको, पिळणं नको. कातडी थोडी तंबूसारखी वर येते, दोन-चार सेकंद तसंच धरून ठेवलं की ती सुटते. झटका दिला तर तोंडाचा तुकडा आत राहतो. राहिलाच तर सुईने उकरू नका; सहज निघाला तर ठीक, नाहीतर तो आपोआप बाहेर पडतो, उकरल्याने फक्त जखम पिकते. चिमटा नसेल तर शिवणाच्या दोऱ्याची सैल गाठ तोंडाभोवती, कातडीलगत घालून आवळायची आणि दोन्ही टोकं वर ओढायची. मग साबण, स्पिरिट. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि तारीख, गाव, अंगावरची जागा लिहून ठेवा.

तंबाखू-चुना, रॉकेल, उदबत्तीचा चटका, नेलपॉलिश हे सगळे उपाय वाडीवस्तीवर प्रेमाने सुचवले जातात. ऐकून घ्या, करू नका. डिवचलेली गोचीड पोटातलं द्रव जखमेत ओकू शकते आणि हे उपाय करण्यात वेळ जातो तो वेगळा. नखावर नख ठेवून चिरडणं तर नकोच, आतलं रक्त बोटावरच्या बारीक चिरेतून जाऊ शकतं. 'चोवीस तासांत काढली की धोका नाही' हा हिशेब परदेशातल्या लाइम आजाराचा आहे, तो जिवाणू आत यायला वेळ घेतो. विषाणूच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. दिसली की काढा.

कणकुंबीहून हेम्मडग्याला भीमगडच्या रानातून सरळ काटण्याचा मोह टाळा. परत जांबोटी, तिथून खानापूर आणि मग हेम्मडगा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, नाक्यावर परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. तळेवाडीकडची वाट पानगळीच्या रानातून जाते आणि या फेरीतला सर्वात जाड पाचोळा तिथेच. गवळी-धनगरांच्या वाड्यांजवळ म्हशींच्या बसण्याच्या जागा टाळा. माकडतापाच्या गोचिडीची पूर्ण वाढलेली अवस्था गुरांवरच पोसते आणि जिथे गुरं वावरतात तिथल्या झाडीत तिची पुढची पिढी जास्त असते. घरचा कुत्रा नेऊच नका.

परतल्यावर तीन आठवडे तापावर लक्ष ठेवा. माकडतापात चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून काढणारी स्नायूदुखी सुरू होते, कधी उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. काहींना बरं वाटून आठवडा-दोन आठवड्यांनी ताप परत येतो, तेव्हा मान आखडणं, भ्रम, थरथर दिसू शकते. मृत्यूचं प्रमाण ३ ते ५ टक्के. यावर नेमकं औषध नाही आणि जुनी लस २०२२ मध्ये बंद केली गेली. वेळेवर दाखल होऊन सलाइन आणि देखरेख हाच उपचार. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉल चालतं. ताप, अंगावर पुरळ आणि कुठेतरी काळी खपली असेल तर तो गोचीडताप किंवा स्क्रब टायफस असू शकतो (दुसरा गोचिडीचा नव्हे, बारीक माइटचा), त्यावर डॉक्सिसायक्लिन चांगलं लागू पडतं, पण ते डॉक्टरांनी द्यायचं. खानापूरचं तालुका रुग्णालय असो की बेळगावचं सिव्हिल, केसपेपर काढतानाच सांगा : कुठल्या रानात गेलो, कधी, गोचीड लागली होती का, जवळपास माकड मेलेलं होतं का. हे न सांगितल्यास डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्यांत पहिले दिवस निघून जातात.

जूनचा पाऊस स्थिरावला की निम्फ कमी होतात आणि त्याच वाटांवर जळवा येतात. तेव्हा याच लांब मोज्यांवर मिठाचं पाणी मारा, चिमटा घरी ठेवला तरी चालेल.